मोठ्या मॅडमचं टेबल

आमची ताई जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांची मोठी मॅडम झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने आपलं टेबल खिडकीपाशी हलवायला लावलं. आधीचे साहेब दाराजवळच्या अंधारात बसत. शिपायाने आणि कारकुनांनी टेबल ठेवलं, "छान दिसतंय, मॅडम," म्हणाले आणि लगबगीने दाराशी जाऊन उभे राहिले.

तेव्हापासून सगळे दाराशीच. शिपाई फाइल द्यायचा तीही हात लांब करून. टेबलावर रोज सकाळी पांढरी धूळ असायची. ती रस्त्यावरून येते, असं ताईने ठरवून टाकलं होतं.

"मला घाबरतात गं," ती म्हणायची. "गोड बोलून झालं, चहा पाजून झाला. यांना माझा भरवसा वाटायचा तरी कधी?"

"घाबरू देत की. काम तरी करतील," मी म्हटलं. मला असल्या लाडीगोडीचा मनापासून कंटाळा आहे.

परवा दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून मी तिच्या गाडीत बसले. वाटेत ती एका शाळेत शिरली, मीही मागोमाग गेले. वर्गात पाऊल टाकलं आणि मी तिथेच थबकले. सगळी मुलं अर्ध्या वर्गात दाटीवाटीने बसलेली, उरलेला अर्धा रिकामा. फळ्याकडे निघालेली मुलगीसुद्धा भिंतीला खेटून गेली. कुणी हसत नव्हतं, कुजबुजत नव्हतं.

"ही बाजू रिकामी का?" ताईने विचारलं.

"सगळं छान आहे, मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले.

"छान आहे, मॅडम," वर्गाच्या बाई म्हणाल्या. अगदी त्याच सुरात.

"मग मी बसते इथे." ताईने खुर्ची ओढली आणि त्या रिकाम्या जागेत मधोमध जाऊन बसली.

मुलं तिच्याकडे बघतच नव्हती. सगळी तिच्या डोक्याच्या वर बघत होती. मीही मान वर केली. छताला पोट सुटलं होतं आणि त्यातून पांढरी भुकटी ताईच्या खांद्यावर झरत होती.

"उठा!" बाई किंचाळल्या. "छत पडेल, मॅडम! माझ्या आधीच्या बाई बोलल्या, तर तुमच्या आधीच्या साहेबांनी त्यांची बदली केली. म्हणून आम्ही कुणीच..." त्यांना रडू फुटलं.

ताईने उठून आधी मुलांना मैदानात काढलं, वर्गाला कुलूप घालायला लावलं. कुणावर आवाज चढवला नाही. बाईंचा हात मात्र बराच वेळ धरून ठेवला.

गाडीत ती खांद्यावरची भुकटी बोटांत चोळत राहिली. मग एकाएकी ड्रायव्हरला म्हणाली, "ऑफिसला परत चल." माझा दात राहिला बाजूला.

ती आपल्या खोलीच्या दारातच थांबली. टेबलावर तीच भुकटी. वर तसंच पोट सुटलेलं छत. इतके दिवस ती त्याच्याखाली बसत होती आणि सगळं ऑफिस दारातून बघत होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

शिपायाने मान खाली घातली. "वाटलं, तुम्हीही साहेबांसारख्याच."

त्याचं मानगूट धरावं इतका मला संताप आला.

"शाळेतल्या बाईंनी आज सांगितलं," ती म्हणाली. "त्या आहेत तिथेच राहणार आहेत."

मग शिपाई दार सोडून आत आला, थेट त्या छताखाली गेला आणि त्याने टेबलाची कड धरली. दुसरी धरायला ताई पुढे झाली.

"तुम्ही नको, मॅडम," तो म्हणाला. "तुम्ही बाहेर थांबा."