थोआताईचं नाक

व्हिएतनामच्या किनाऱ्यावरच्या फान थिएतमध्ये थोआताईच्या नाकाला मान होता. तिचा नवरा माखल्या पकडणाऱ्या बोटीवर असायचा, ती न्युकमामच्या, म्हणजे माशांच्या सॉसच्या, कारखान्यात. मिठात वर्षभर मुरलेल्या माशांचा अर्क लाकडी पिंपातून ठिबकायला लागला की ती एक थेंब तळहातावर घ्यायची, हुंगायची, चाटायची. तिने मान हलवली की माल बाटल्यांत जायचा. साहित्याची पदवी घेऊन मी त्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होते.

त्या वर्षी एका पिंपाला करपल्याचा वास येतोय, असं ती म्हणाली. आम्हाला येत नव्हता. मालकीण हान्हमावशीने विचारलं, ही नाकं आहेत की बटणं, आणि पिंप ओतून द्यायला लावलं. मग दुसरं. असा वास आला की ताई एकटक बघत ओठ चाटत राहायची, हाकेला ओ द्यायची नाही. आम्ही अदबीने थांबायचो. चव घेतेय, असं वाटायचं.

मग साधा भात जेवतानाही तसंच झालं. नवरा समुद्रावर होता, म्हणून मी तिला सायगॉनला इस्पितळात नेलं.

डॉक्टर म्हणाले, कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या आवरणावर गाठ आहे. ती मेंदूला दाबते, त्यातून झटका येतो. करपल्याचा वास हाच तो झटका. अशा गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात, सावकाश वाढतात. कवटी उघडून काढायची. काही उरली तर किरणांचे उपचार. झटक्यांच्या गोळ्या चालू ठेवायच्या.

"नाक राहील ना?" ताईने विचारलं.

"राहावं. वचन देत नाही."

जिवाचं मी विचारलं.

गाठ पूर्ण निघाली. तपासणीत साधीच ठरली. ताई कामावर आली, पण तिच्या नाकाच्या भरवशावर आता कोणी पिंप सोडेना. मावशीने तिला बाटल्या धुवायला बसवलं.

एका सकाळी हातातली बाटली ठेवून ती कोपऱ्यातल्या पिंपापाशी गेली.

"मावशी, हे नासलंय."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांना लावायला फोन काढला.

"थोआ, बाळ, गोळी घेतलीस का?" मावशीने विचारलं.

"घेतली. तुम्ही झाकण काढा."

झाकण निघालं. मावशी मागे सरली. मी नाक दाबलं. अख्खं पिंप गेलं होतं आणि मावशी देव्हाऱ्यापुढे लावायला आभाराच्या उदबत्त्या शोधत होती. सगळे नाक दाबून हसत होते.

ताई तेवढी हुंगत उभी होती.