तांदळाच्या डब्यातला फोन

आईचा जुना बटणांचा फोन एवढासा होता. चंचीत सुपारीशेजारी मावायचा. चंची कायम कमरेला, त्यामुळे फोनही तिच्याबरोबर बांधावर, ओढ्यावर, बाजारात. पण पुढे पुढे त्याची बॅटरी दुपारपर्यंतच तग धरायची. मी लोणावळ्यात नोकरीला, ती गावी बेडशात एकटी. फोन बंद लागला की माझा जीव टांगणीला.

म्हणून बुद्धपौर्णिमेला मी तिला मोठा फोन घेऊन दिला. चांगला जाडजूड. एकदा चार्ज केला की विसरून जावं, असा. आईने तो हातावर तोलून बघितला.

"आगं, ह्यो फोन हाय का पाटा?"

"असू दे. महाग आहे, नीट जप," मी म्हटलं.

भाताची आवणी सुरू झाली. एका दुपारी पाऊस नुसता धो धो कोसळत होता, आणि शेजारच्या मावशीचा फोन आला. "तुजी आय पल्याड आवणीला गेल्याली. ओढ्याला लय पानी चढलंय गं, आन् ती कुटं दिसंना."

आईला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. ते गोड आवाजात सांगणाऱ्या बाईचा गळाच धरावासा वाटला. साहेबांना न विचारताच ऑफिसातून निघाले आणि स्कूटर काढली. रस्ताभर मी मनातल्या मनात आईशी भांडत होते. भांडण थांबलं की डोळ्यांपुढे तो ओढाच यायचा.

घरी पोचले तर आईसाहेब चुलीपुढे केस वाळवत बसलेल्या! ओढा फुगलेला बघून ती लांबच्या साकव-पुलावरून वळसा घालून आली होती, नुकतीच. मला रडू आणि राग दोन्ही एकदमच आले.

"फोन कुठंय तुझा?"

"हाय की. तूच म्हणलीस, जप. चंचीत मावंना, हातात धरला तर भिजंल. मग डब्यात ठिवला."

तिने स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण उघडलं, तांदळात कोपरापर्यंत हात घातला, फोन उपसला आणि पदराने पुसला. "बघ, बॅटरी आजून भरल्याली हाय!"

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडे रेंज आधीच नावाला, त्यात वरून स्टीलचा डबा आणि वीतभर तांदूळ! फोन लागणार कसा, डोंबल? मग मला जे हसू फुटलं ते आवरेचना. ओल्या लुगड्यासकट तिला मिठी मारली. ती बिचारी विचारतेय, "काय झालं गं?"

मोठा फोन मी ठेवून घेतला. जुन्याला लोणावळ्यातून नवी बॅटरी टाकून आणली आणि तो परत चंचीत गेला. फार बोललं नाही तर दिवसभर पुरतो. म्हणून ठरलं की शेतातून घरी आल्यावर तिने नुसता मिस कॉल द्यायचा आणि मी उचलायचा नाही.

पहिल्याच संध्याकाळी स्क्रीनवर 'आई' उमटलं. एक रिंग झाली, आणि मला काही राहवेना. उचललाच.

"उचलला कशापायी? बॅटरी संपंल ना, भवाने!" ती कडाडली आणि फोन कट केला.

काय बरं वाटलं म्हणून सांगू!