वसण्याचे क्रियापद

निवृत्तीनंतर मी ग्रीक शिकायला लागले, हे सांगताना अजूनही संकोच वाटतो. छावणी भागातले एक वृद्ध पाद्री आपल्या ओसरीवर आम्हा तिघींना ती प्राचीन भाषा शिकवत. एकदा त्यांनी 'कातोइकिझो' हे क्रियापद दिले: कुणाला तरी एखाद्या जागी वसवणे. त्याचेच 'कातोइकिझोमाइ' केले, की मी वसते, किंवा मला वसवले जाते. कोणते, ते संदर्भावरून ओळखायचे.

"बाई, घरच्या माणसांवर एकेक वाक्य करून आणा," ते म्हणाले.

'वडिलांनी आम्हाला शहरात वसवले' हे सहज जमले. आईचे वाक्य मात्र होईना.

गंगापूरकडचे आमचे गाव धरणाच्या पाण्यात गेले, तेव्हा मी शाळेत होते. वडिलांनी शहरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. नव्या घरात शिरताना दूध उतू घालायची आपली रीत. आईने ती केली नाही.

"हे काय आपलं घर हाय का? पाणी उतरलं की जाऊ."

उन्हाळ्यात पाणी खरोखरच ओसरे, देवळाचे जोते उघडे पडे. तेवढ्यावर तिची आशा वर्षभर टिके. दूध तापत असताना ती स्टोव्हपुढून हलत नसे. त्या खोल्यांत इतक्या वर्षांत एकदाही दूध उतू गेले नाही.

वडील गेल्यानंतर आम्ही नवराबायकोने शहराच्या कडेला, पडेगावला घर बांधले. गृहप्रवेशाच्या सकाळी मी आईलाच शेगडीपुढे बसवले. आता तरी तिने हे घर आपले म्हणावे, एवढीच माझी इच्छा होती. साय फुगली, काठापर्यंत आली, आणि आईने पदराने धरून पातेले झटकन खाली उतरवले.

"थोडक्यात वाचलं बघ," ती समाधानाने म्हणाली.

माझी जाऊ हसत सुटली. "अहो मावशी, आज तर सांडायचंच होतं!"

आईने माझ्याकडे पाहिले. "व्हय गं. हात गेला बघ."

पुन्हा ठेवू या, एवढेच मला म्हणायचे होते. भरल्या घरात धीर झाला नाही. त्या दुधाचा चहा झाला. दाट झाला म्हणून सगळ्यांनी वाखाणला. आई कपबशी दोन्ही हातांत धरून दाराशी, पाहुण्यांच्या रांगेत बसली होती. उठून तिला आत बोलवावे, असे मला चहा संपेपर्यंत वाटत राहिले.