सासर न सोडणारी चाकं

आमच्या शेजारचे तात्या ‘झालं’ हा शब्द कधी म्हणजे कधीच उच्चारायचे नाहीत. मिक्सर दुरुस्त करून चांगला घरघर फिरवून दाखवतील आणि तरी वर म्हणतील, ‘‘जरा राहिलंय.’’ मी वैतागून मिक्सर हिसकावून आणायचे. त्यांची उभी हयात फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात गेलेली. निवृत्त होऊन कराडात घर बांधलं, तर त्याचंही फाटक तेवढं राहिलंच. माणूस लाखातला, पण घाई म्हणून ठाऊक नाही.

तात्या आता नाहीत. गल्लीत अजून कुणीतरी त्यांच्या गाडीचं कौतुक करतं, आणि मला मात्र त्यांच्या बायकोचा, हौसाकाकूंचा चेहरा आठवतो. काकूंचं माहेर कोयनेच्या बाजूला, डोंगरमाथ्यावरच्या धनगरवाडीत. तिथे त्यांची म्हातारी आई. खालच्या गावापासून वर नुसता दगडगोट्यांचा आणि चिखलाचा चढ. भाड्याची जीप यायला तयार होत नसे, आणि काकूंचे गुडघे चालू देत नसत. म्हातारी रोज फोनवर विचारायची, ‘‘हौसा, कवा येतीस गं?’’ काकू फोन ठेवून पदरानं डोळे पुसायच्या.

एकदा तात्यांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी जुन्या व्हॅनखाली सतरंजी पसरून आडवे झाले. मला म्हणाले, ‘‘हिची मागचीच चाकं वढत्यात. आता पुढच्यास्नीबी कामाला लावतो. फौजेत आमी चारी चाकांवर कुठंकुठं चढवल्यात गाड्या! हौसाला पार दारात नेऊन उतरवतो का न्हाई बघ.’’

भंगारातून मोडक्या जीपचा पुढचा एक्सल आला. इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी आली. पण त्या एक्सलचा मधला गोळा नेमका नको त्या बाजूला येत होता, म्हणून तात्यांनी अख्खा एक्सलच उलटा करून बसवला. सगळी गल्ली बघायला जमली. तात्यांनी लिव्हर ओढला, क्लच सोडला. गाडी कण्हली, थरथरली, पण जागची हलेना. मागची चाकं पुढे ढकलतायत आणि पुढची मागे! एक्सल उलटा, म्हणजे चाकंही उलटीच फिरणार. तात्या उतरून डोकं खाजवत उभे राहिले. दारातून काकू म्हणाल्या, ‘‘आवं, बरूबर हाय की! मागची चाकं माहेरला निघाल्यात, पुढची सासर सोडंनात!’’ हसून हसून आमची मुरकुंडी वळली. तात्याही हसले. मग सगळं खोलून पुन्हा पहिल्यापासून.

मधल्या काळात काकूंचे भाचे वाडीवरून आले. ‘‘मामा, म्हातारी लय थकलीया. आत्याला डोलीत बसवून नेतो वर. चौघं हाय आमी.’’

तात्या भडकलेच. ‘‘माझ्या बायकूला खांद्यावरनं न्हेता? ती मेली का काय? ती गाडीतनं येईल, ऐटीत!’’

भाचे चहा पिऊन गेले. कोपऱ्यावर वळेपर्यंत काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या.

अखेर गाडी जमली. नदीकडच्या वीटभट्टीजवळ ढोपरभर चिखल होता, त्यातून ती अशी सरसर निघाली की भट्टीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, ‘‘तात्या, झाली की हो! उद्याच जावा.’’

‘‘जरा राहिलंय, पोरी. हिचा पाय वर उचलत न्हाई, एक पायरी बसवतो. धरायला कडी लावतो. गादीबी कडक हाय.’’

सगळं काकूंसाठीच. म्हणून तर कुणाला बोलताही येईना. काकू एकदा दबकत म्हणाल्या, ‘‘मी बसते की तशीच.’’ त्यावर तात्या म्हणाले, ‘‘अगं, आता लय न्हाई राहिलं.’’

तात्या पायरीला रंगाचा दुसरा हात देत होते, तेव्हा वाडीवरून फोन आला. म्हातारी गेली होती.

काकूंना सोबत हवी म्हणून मीही गाडीत बसले. खोटं कशाला बोलू, गाडी अप्रतिम चढली. ज्या चढाला जीपवाले हात जोडायचे, तो तिनं एका दमात पार केला. तात्यांचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम असेल ते, आणि त्या वेळी मला त्यांचा इतका संताप आला होता की त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

वर आभाळ भरून आलं होतं. पावसाच्या धास्तीनं वाडीकरांनी माती उरकून घेतली होती. मातीनंतरची आंघोळ करून ओल्या अंगानं परतलेला भाचा खिडकीशी येऊन रडत म्हणाला, ‘‘आत्या, लय वाट बघितली गं तिनं.’’

तात्यांनी लगबगीनं येऊन दार उघडलं, हात पुढे केला. काकू हलल्या नाहीत. आईच्या घराकडे बघत बसल्या.

‘‘आता उतरून कुणाला भेटू?’’ त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. ‘‘फिरवा गाडी.’’

तात्या तसाच हात पुढे करून थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी दार हळूच लावलं आणि गाडी फिरवली.