वाहत नसलेलं पाणी

आमच्या कॉलेजात खेळ दोन प्रकारचे होते, गर्दी जमवणारे आणि आमचे. कबड्डीला अर्धा भंडारा लोटायचा, प्रमुख पाहुणे यायचे, हारतुरे व्हायचे. क्रिकेटला बघे कमी, पण पांढऱ्या कपड्यांचा रुबाब असा की प्राचार्य स्वतः खुर्ची टाकून बसत. उरलेले खेळ सवतीच्या लेकरांसारखे एका खोलीत पडून असायचे. तिथे खो-खोचा एक मोडका खांब होता, हवा गेलेले चेंडू होते. मुलींच्या पोहण्याचं सामान तर नव्हतंच. यांना नदी आहे, आणखी काय पाहिजे, असं सगळ्यांचं मत होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. विद्यापीठाच्या स्पर्धेला आमचाही पोहण्याचा संघ जावा असं ठरलं आणि ते काम इतिहासाच्या सरांच्या गळ्यात पडलं. त्या दिवशीच्या सभेला ते गैरहजर होते, एवढाच त्यांचा गुन्हा. सरांना पोहता येत नव्हतं. पाण्याची त्यांना चांगलीच भीती वाटायची. आमचा सराव नदीतच, पण वाळू ओली लागली की ते थांबत आणि तिथूनच शिट्टी वाजवत. मी भंडाऱ्याला मावशीकडे राहायची. ती एकदा घाटावर आली, सरांकडे बघत राहिली आणि मला हळूच म्हणाली, "मास्तर सोता बुडन, अन् तुमाले शिकवून राहिला."

मी पवनीची, मासे धरणाऱ्यांच्या घरातली. पोहणं मला कोणी शिकवलं असं आठवत नाही. सकाळी बाबांच्या डोंग्यापुढे पोहत पलीकडे जायचं, जाळी काढायची आणि ओझ्यासकट डोंग्यात बसून परत यायचं. घरी पोहणं म्हणजे काम होतं. कॉलेजात पहिल्यांदाच हातात जाळं न देता मला कोणी पाण्यात सोडत होतं. त्याचं मला किती अप्रूप होतं ते घरी सांगून पटलं नसतं, म्हणून मी सांगितलंही नाही.

पहिल्या वर्षी आम्ही चौघी नागपूरला गेलो. पोहण्याच्या तलावाचं तळ दिसणारं निळं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. प्रत्येक संघाला एकेक पट्टा दिलेला, मध्ये दोऱ्या नाहीत, फक्त तळाशी काळ्या रेघा. एकीने एक लांबी पोहायची, मग दुसरीने. शेवटची मी. मी उडी मारली, जीव खाऊन पोहले आणि डोकं वर काढलं तर मी शेजारच्या पट्ट्यात. आमचा संघ बाद झाला.

झालं होतं ते असं. नदी पार करणारा माणूस कधीच सरळ समोरची दिशा धरत नाही. पाणी खाली ओढतं, म्हणून तो प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो आणि मग बरोबर हवा तिथे लागतो. आमच्या काठावरून निघालं की वरचं अंग डावीकडे. माझं अंग आपोआप डावीकडे वळायचं आणि त्या तलावात ओढायला पाणीच नव्हतं. तळाची रेघ बघ, असं सगळे सांगत. पण नदीत मान वर ठेवूनच पोहायची सवय, पाण्यात डोळे उघडायचे कशाला?

प्राचार्य आम्हाला फार बोलले नाहीत. आणखी एकदा संघ बाद झाला तर पोहणं बंद, एवढंच त्यांनी सरांना सांगितलं. बघायला म्हशींशिवाय कोणी येत नाही, असंही म्हणाले म्हणे. पुढचं वर्षभर मी सरळ पोहायचा सराव केला. नदीत सरळ पोहलं की मी रोज धोबीघाटाला लागायची आणि धुणाऱ्या बायका मला नावं ठेवायच्या. माझ्याऐवजी दुसरी मुलगी घ्या, असं मीच सरांना म्हटलं. दुसरी होतीच कुठे!

दुसऱ्या वर्षी पुन्हा तोच तलाव. सकाळच्या सरावात मी पुन्हा डावीकडे गेले. मी मागच्या पायरीवर बसून रडत होते. सर येऊन शेजारी बसले.

"मी नदीच्या पलीकडं उभा असलो," ते म्हणाले, "तर तू कुठं धरशीन?"

"तुमच्या वरती, सर."

"मंग मी खालच्या अंगाला, उजवीकडच्या पट्ट्यापुढं उभा राहतो. तू रोजच्यासारखी ये."

"पण तो आपला पट्टा नाही."

"तुले थोडीच तिथं यायचं आहे? मले पाहा अन् वरती धर."

दुपारी माझी पाळी आली तेव्हा आम्ही सगळ्यात मागे होतो. समोरच्या काठावर सर उभे होते, उजवीकडच्या, दुसऱ्या कॉलेजच्या पट्ट्यासमोर. एक पंच त्यांना हटकत होता आणि सर मान हलवत होते, पण जागचे हलत नव्हते. मी उडी मारली. रेघ पाहिली नाही. सरांचा पांढरा शर्ट पाहिला आणि बाबांच्या डोंग्यापुढे धरायची तशी वरच्या अंगाची दिशा धरली.

हात भिंतीला लागला. मी वर पाहिलं, तर आमची तिसऱ्या पट्ट्याची पाटी अगदी डोक्यावर. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पंचाची शिट्टी वाजली नाही. आम्ही शेवटच्या आलो होतो, पण आलो होतो. छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलावा तसं मोकळं वाटलं आणि मी पाण्यातच हसत सुटले.

मग मला सरांचे पाय दिसले. ओल्या वाळूच्या पुढे कधी न आलेले सर अगदी काठावर उभे होते, चपलांची टोकं पाण्यावर.

"सर, मागं सरका," मी म्हटलं. "पडान."

त्यांनी खाली पाहिलं आणि तिथेच मटकन बसले. दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून त्यांनी विचारलं, "पोहणं टिकलं ना आपलं?"

"टिकलं, सर."