रोवणीला आलेले पाहुणे

आमचं गाव चिमूर तालुक्यात, वाघाच्या जंगलाला अगदी चिकटून. घराच्या मागच्या अंगाला आम्ही दोन खोल्या बांधल्या आणि बाहेर ‘होमस्टे’ अशी पाटी लावली. सासूबाई मात्र त्यांना ‘परक्याईच्या खोल्या’ म्हणतात. नवरा सफारीची जिप्सी चालवतो, मी स्वयंपाक आणि चादरी सांभाळते. पाहुणे वाघासाठी येतात. वाघ दिसला तर माझ्या हातच्या वांग्याच्या भाजीचे फोटो काढतात, नाही दिसला तर त्याच भाजीत मीठ जास्त होतं. इतक्या वर्षांत मी एवढंच शिकले, की आमच्या भाजीची चव जंगलात ठरते.

पावसाळ्यात जंगलाचा मुख्य भाग बंद होतो आणि आमचा धंदा बसतो. गाद्यांना वास येतो, भिंतीवर बुरशीचे नकाशे उमटतात, आणि नवरा ओसरीत बसून मोबाईल घासतो. अशाच एका दुपारी तो एकदम ओरडला, “हे पाय! महाबळेश्वराकडं लोकं पैसे देऊन सोताच स्ट्रॉबेरी तोडून राह्यले!”

“मंग आपल्याकडं काय तोडतीन?” मी विचारलं.

“तोडतीन नाई, रोवतीन.”

आमच्याकडे जुलैत धानाची रोवणी असते. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायची आणि चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, जागोजागी त्यांच्या काड्या दाबत मागे मागे सरकायचं. दिवसभर वाकून, वरून पाऊस. माझं माहेर सावलीकडचं, तिथेही धानच. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासरी निदान कापूस असता तर बरं, असं मनात आलं होतं. आता त्याच कामासाठी लोक पुण्याहून येणार होते.

सासूबाईंना मी ही कल्पना समजावून सांगितली.

“त्याईले सजा झाली का काई?” त्यांनी विचारलं.

“नाई वो आई. हौस म्हनून येतेत.”

“हौस! मले कवा झाली नाई थे हौस.”

मी मोबाईलवर जाहिरात टाकली: ‘या, आमच्यासोबत धान रोवा’. आठवड्यात पुण्याच्या एका साहेबांचा फोन आला. कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी विचारलं, “सगळं ऑथेंटिक आहे ना?” मी म्हटलं, अगदी. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “चिखल स्वच्छ असतो ना?”

तिघं आले. साहेब, त्यांची बायको आणि त्यांची आई. साहेबांनी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातमोजे आणि जाळीची टोपी आणली होती. छातीवर छोटा कॅमेरा बांधला होता. बायको शांत होती, सगळ्याकडे कुतूहलाने बघायची. आई सत्तरीच्या, सुती साडी, हातात छत्री. त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं, “मी बांधावर बसणार. मला चिखलाची मुळीच आवड नाही.”

जेवताना सासूबाईंनी साहेबांच्या ताटात वास्त्यांची भाजी, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, दोनदा वाढली. नंतर त्यांच्या बायकोला चुलीजवळ नेऊन हळूच विचारलं, “बाई, नोकरी गेली का वो भाऊची? सांगा, लाजू नका. इथी कोनाले समजत नाई.” ती बिचारी इतकी हसली की तिला ठसका लागला. सासूबाईंना वाटलं, दुःख अनावर झालं. त्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवला.

सकाळी आम्ही शेतावर गेलो. रोवणीला गावातल्या बारा बाया होत्या. त्यांची म्होरकी आमच्याच गल्लीतली एक विधवा बाई. तिचा आवाज तीन बांध्या ओलांडून जातो. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, पाहुण्यांना रोवू द्या, टोकू नका.

“रोवू दे,” ती म्हणाली. “मंग आमी सुदरवू.”

साहेब बांधीत उतरले आणि तिसऱ्या पावलाला त्यांचा उजवा बूट चिखलात राहिला. पाय वर आला, बूट नाही. तो काढायला वाकले तर डावाही गेला. दोन बायांनी हात धरून त्यांना बाहेर ओढलं. मग ते अनवाणी उतरले आणि म्होरकीला विचारू लागले, “दोन रोपांमध्ये नेमकं अंतर किती?”

“वीतभर.”

“कोणाची वीत?”

ती गोंधळली. हा प्रश्न तिला जन्मात कोणी विचारला नव्हता. साहेबांनी मोबाईल काढला, त्यात मोजपट्टी होती. ती रोपाजवळ धरून ते एकेक काडी लावू लागले. तेवढ्यात बाया दुसऱ्या बांधापर्यंत पोचल्या होत्या. साहेबांनी मान वर करून पाहिलं, तर त्यांनी लावलेली रोपं पाण्यावर तरंगत चालली होती.

म्होरकी म्हणाली, “भाऊ, तुमचे पऱ्हे फिरायले निंगाले.”

बाया हसून हसून पाण्यात बसल्या. साहेबही हसले, पण जरा उशिराने. त्यांच्या बायकोला मात्र हळूहळू जमत होतं. ती काही न बोलता शेजारणीच्या हाताकडे बघून तसंच करत होती.

बांधावर छत्रीखाली बसलेल्या त्यांच्या आईची चुळबूळ मात्र चालली होती. आधी पुटपुटणं, मग मोठ्याने, “अरे, अंगठ्याने दाब!” मग, “मुळाला धर, मानेला काय धरतोस!” शेवटी त्यांनी छत्री मिटून माझ्या हातात दिली, पदर खोचला, साडीचा काष्टा घातला आणि बांधीत उतरल्या. रोपांची पेंडी डाव्या हातावर घेतली आणि असा सपाटा लावला की बायांचं बोलणं थांबलं. साहेबांच्या छातीवरचा कॅमेरा आईकडे वळला आणि तिथेच राहिला.

“आई, तुला हे येतं?”

“मावळात जन्म माझा. अकराव्या वर्षापासून लग्नापर्यंत आवणी केली. आवणी म्हणजे हेच.”

“पण कधी बोलली नाहीस!”

“तू कधी विचारलंस? तुझ्या वडिलांना आवडायचं नाही. ऑफिसातल्या लोकांना सांगायचं नाही, असं होतं.” त्या रोवता रोवताच बोलत होत्या, मान वर न करता. साहेबांची बायको सरकत सरकत सासूच्या शेजारी जाऊन रोवू लागली.

हे बघून माझ्या सासूबाईंना राहवेना. गुडघे दुखतात म्हणून त्या तीन वर्षं बांधीत उतरल्या नव्हत्या. त्या दिवशी उतरल्या. दोघी शेजारी शेजारी आल्या आणि लगेच भांडण लागलं.

“एका जागी चार काड्या? दोन पुरतात,” पुण्याच्या आई म्हणाल्या.

“तुमच्याकडं पुरत असतीन. आमची माती जड हाये.”

“जड नाही, तुम्ही खोल दाबता.”

“मी खोल दाबतो? पन्नास वर्सं दाबून राह्यली मी!”

त्यावरून शर्यत लागली. कोणी लावली ते कळलं नाही, पण बांधाकडे पाठ करून दोघी सरकायला लागल्या आणि बाकीच्या बाया काम सोडून बघत राहिल्या. कोण जिंकलं यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

दुपारी डबे उघडले होते, तेवढ्यात बांबूच्या बेटाकडून माकडांचा आवाज आला. खॅक, खॅक. मग चितळाचा एक टाहो. सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या.

हे पुण्याच्या माणसाला सांगून कळत नाही. सफारीत वाघाची चाहूल देणारा हाच आवाज आला की माझा नवरा जिप्सी बंद करतो, ओठावर बोट ठेवतो आणि पाहुण्यांचे श्वास अडकतात. त्याच आवाजासाठी ते विमानाने येतात. पण शेतात तो आला की आम्ही हातातलं टाकून आधी एकमेकींना मोजतो. आदल्याच वर्षी शेजारच्या गावची एक बाई गवत कापायला गेली होती, ती परत आली नाही. तेव्हापासून आम्ही एकटं शेतावर जात नाही, आणि गेलो तरी गप्प बसत नाही.

साहेबांचा चेहरा उजळला. “शांत! सगळे शांत राहा, प्लीज! तो येतोय!”

“येऊन राह्यला म्हनूनच तं!” म्होरकी ओरडली आणि तिने स्टीलचं ताट दगडावर हाणलं. मग सगळ्यांनीच ताटं, डबे, तांबे जे हातात येईल ते वाजवायला सुरुवात केली. शिट्ट्या, आरोळ्या, शिव्या. साहेब कॅमेरा घेऊन बेटाच्या दिशेने धावले आणि चौथ्या पावलाला मांडीपर्यंत रुतले. तिथूनच हात जोडून म्हणत होते, “पाच मिनिटं! फक्त पाच मिनिटं गप्प बसा हो!”

त्यांच्या आईने बांधावरूनच आवाज टाकला, “बोंब मार मेल्या, उभा काय राहिलास!” आणि स्वतः अशी बोंब ठोकली की माकडंसुद्धा गप्प झाली.

बेटातलं गवत एकदा हललं, मग सगळं निवांत झालं. मी वनखात्याच्या माणसांना फोन केला. त्यांना बांधाच्या पलीकडे वाघाच्या पंजाचा ताजा ठसा सापडला. ठसा बघून बाया घरी निघाल्या. त्याआधी साहेबांना ओढून काढायला यावेळी चौघी लागल्या होत्या. कॅमेऱ्यात काय आलं, ते साहेब रात्रीच्या जेवणापर्यंत मोठं करून करून बघत होते. पिवळं काहीतरी होतं खरं. शेवटी त्यांच्या बायकोने सांगितलं, तो म्होरकीचा पदर आहे.

पुण्याला गेल्यावर साहेबांनी आमच्याबद्दल लिहिलं: ‘जेवण उत्तम. माणसं प्रेमळ. वाघ अगदी जवळ आला होता, पण गावकऱ्यांनी तो हाकलून लावला. पर्यटनाची जाणीव वाढायला हवी.’ पाचपैकी तीन तारे. मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “लिहून पाठव त्याले, पुढच्या बारीले वाघालेबी ताटं देऊ.” मी तसं लिहिलं नाही. ‘आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत’ असं लिहिलं.

पण त्या तीन ताऱ्यांनी कमाल केली. ‘वाघ अगदी जवळ’ एवढंच लोकांनी वाचलं आणि फोन सुरू झाले. आम्ही एक छोटी बांधी पाहुण्यांसाठी वेगळी काढली, म्होरकीच्या नजरेसमोर, जंगलापासून लांबची.

मग मोठ्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टने आमची नक्कल केली. त्यांनी लॉनच्या कडेला सिमेंटचा हौद बांधला, त्यात चाळलेली माती टाकली, शेजारी गरम पाण्याचा शॉवर लावला. रोवणी शिकवायला सासूबाईंना बोलावलं. गाडी घ्यायला आली, त्या नवीन लुगडं नेसून गेल्या आणि दोन दिवसांनी, पुन्हा जाणार नाही म्हणून, परत आल्या.

“काऊन, आई?”

“सकाळी पाहुने लावतेत. सांजी नोकर उपडतेत. दुसऱ्या दिवशी थेच पऱ्हे पुन्ना लावतेत.” त्या खरोखर दुखावल्या होत्या. “त्या धानाले लोंबी कवा येईन वो?”

पुढच्या जुलैत पुण्याच्या आईंचा फोन आला. चिमूरला बस किती वाजता पोचते, एवढंच विचारलं. एकट्याच आल्या. मुलाला सांगितलं होतं शेगावला दर्शनाला जाते. तिकीट सुनेने काढून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी मोबाईल माझ्याकडे ठेवून त्या बांधीत उतरल्या, माझ्या सासूबाईंच्या शेजारी, आणि काड्या दोन की चार हे भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

दहाच्या सुमारास मोबाईल वाजला. मुलगा. मी धावत बांधावर गेले.

“उचल,” पुण्याच्या आई वाकूनच म्हणाल्या, “आणि सांग, रांगेत आहे.”

“मी खोटं बोलू?”

“खोटं काऊन?” सासूबाईंनी बायांच्या ओळीकडे चिखलाचा हात केला. “हे काय हाये मंग?”

मी फोन उचलला. “हो जी, त्या रांगेतच आहेत.”

“तुम्ही कोण?”

“मी... मागंच उभी आहे.”

“बरं. किती वेळ लागेल अजून?”

मी बांधीकडे पाहिलं. निम्मीही झाली नव्हती.

“सांज होईन,” मी म्हटलं.