फोन ठेवला की पासवर्ड

पुन्हा तीच चौकट आली. युजरनेम बरोबर, खाली पासवर्डची जागा रिकामी. सुनंदानं पासवर्ड टाकला, ओके दाबलं. चौकट गेली आणि लगेच परत येऊन बसली.

"दादा, मी काय नाय केलं," ती म्हणाली. मी तिला अजून काही विचारलंही नव्हतं.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. जव्हारला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पाड्यांवरचे झरे बांधून काढणारी एक संस्था माझी कस्टमर. तिचं ऑफिस जव्हारला, पण संस्था चालवणारे सर राहायचे मोखाड्याला. हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. मला गणित त्यांनीच शिकवलं, तेही कान पिरगाळून. त्यामुळे मी चाळिशीला आलो तरी ते मला अरे-तुरेच करत.

सुनंदा सूर्यमाळकडची. बारावी होऊन टायपिंग शिकली आणि इथे ऑपरेटर म्हणून लागली. तिच्या पाड्यावरून ऑफिसात नोकरीला लागलेली ती पहिलीच. संस्थेचे सगळे ईमेल आउटलुक एक्स्प्रेसमध्ये उतरवून घेणं हे तिचं मुख्य काम, आणि तेच पंधरवडाभर धड होत नव्हतं.

सकाळी सरांचा फोन आला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पासवर्ड फक्त दोघांना ठाऊक, त्यांना आणि सुनंदाला. त्यांनी जव्हारला फोन लावला आणि तिला मेल बघायला सांगितलं की मेल सुरळीत येतात. फोन ठेवला की रडगाणं सुरू. म्हणजे पोरगी कामचुकार आहे आणि पासवर्डाशी काहीतरी खेळ करते.

"उद्या कमिटीची मीटिंग आहे," ते म्हणाले. "तू जाऊन बघ, ती काय करते ते मला सांग. मी तिला कमी करतो."

मला हे अजिबात आवडलं नाही. मी मशीन दुरुस्त करतो, माणसांवर पाळत ठेवत नाही. पण सरांना नाही म्हणायची सवय नव्हती, म्हणून गेलो.

आधी नेहमीचे उपाय केले. कॅप्स लॉक बघितलं. पासवर्ड पुसून मी स्वतः टाईप केला. 'रिमेम्बर पासवर्ड'ची टिक काढून परत लावली. मग अकाउंटच उडवून नवीन बनवलं. चौकट आपली हजर. मग ब्राउझर उघडून त्याच पासवर्डनं वेबसाइटवरून मेल उघडला, तर एका झटक्यात उघडला. म्हणजे पासवर्ड शंभर टक्के बरोबर होता. तरी आउटलुक एक्स्प्रेस तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा मागत होतं. माझं डोकं फिरायची वेळ आली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मोखाड्याहून सर. काय सापडलं, म्हणाले. मी काही बोलायच्या आत सुनंदानं सवयीनं सेंड-रिसीव्ह दाबलं आणि मेल यायला लागले. एकामागून एक, अगदी शहाण्यासारखे.

"आले ना?" सर म्हणाले. "बघ. मी सांगत होतो."

सुनंदाचा चेहरा उतरला. फोन ठेवल्यावर थोड्या वेळानं पुन्हा दाबून बघितलं तर चौकट परत. आता मात्र मला चेव आला. कॉम्प्युटर माणसाला घाबरत नाही, हेडमास्तरांना तर मुळीच नाही. कुठंतरी पाणी मुरत होतं.

मी सुनंदाला म्हटलं, तू बाहेर पडवीत जाऊन बस, कशाला हात लावू नकोस. ती गेली, पण तिला वाटलं आता नोकरी गेली. दाराशी थांबून हळूच म्हणाली, "दादा, घरी काय सांगू? आई सगळ्यांना सांगत फिरते, माझी सुनंदा कॉम्प्युटरवर हाय." मला फार वाईट वाटलं. बस जरा, एवढंच म्हणालो.

मग मीच सरांना फोन लावला. लाइन बराच वेळ एंगेज. मोखाड्याचा तो फोन हल्ली कायम एंगेजच लागायचा. अखेर सरांचाच फोन आला. मी पावसाचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं, नागलीची लावणी झाली का विचारलं. सरांना बोलायला आवडतं, ते सुटलेच. इकडे मी सेंड-रिसीव्ह दाबलं. मेल आले. सुनंदा तर पडवीत होती.

फोन ठेवला, वाट बघितली, पुन्हा दाबलं. चौकट. या वेळी मी ती कॅन्सल केली. मग एररची खिडकी आली, तिच्यात 'डिटेल्स' असं बटण असतं. ते कोणी दाबत नाही, मीही तोवर दाबलं नव्हतं. दाबलं तर सर्व्हरनं इंग्रजीत साफ लिहिलं होतं की मेलबॉक्स दुसऱ्याच्या वापरात आहे.

हे सोपं करून सांगतो. मेल असे उतरवून घ्यायचे तर मेलबॉक्स म्हणजे रेशनच्या दुकानाची एकच खिडकी; वेबसाइटवर नुसतं बघायला ही रांग नसते. एका वेळी एकच गिऱ्हाईक. तो हलेपर्यंत दुसऱ्याला थारा नाही. सर्व्हर दुसऱ्याला परत पाठवतो, आणि आउटलुक एक्स्प्रेस बिचारं समजतं की पासवर्डच चुकला.

मग खिडकीशी उभं कोण होतं? आणि सर फोनवर आले की ते बाजूला का होत होतं?

सरांचा पुढचा फोन आला तेव्हा मी विचारलं, सर, तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे का.

"आहे की. या महिन्यात भाच्यानं नाशिकहून आणून बसवला. मी फक्त बातम्या वाचतो आणि मेल बघतो. बघतो फक्त, हं."

"इंटरनेट कुठल्या फोनवर?"

"याच. दुसरा कुठला फोन आहे माझ्याकडे?"

मला हसू आवरेना. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेवरूनच यायचं. जव्हारच्या ऑफिसात त्यासाठी वेगळी लाइन होती, सरांकडे मात्र एकच. भाच्यानं सोयीसाठी असं करून ठेवलं होतं की आउटलुक एक्स्प्रेसनं स्वतःच डायल करावं आणि थोड्या थोड्या वेळानं मेल घ्यावे. लाइन मंद, मेलमध्ये झऱ्यांचे मोठाले फोटो. त्यामुळे सरांचं मशीन दिवसभर खिडकी अडवून उभं. सरांनी रिसीव्हर उचलला की इंटरनेट तुटायचं, बोलता बोलता खिडकी मोकळी व्हायची, आणि इकडे जव्हारला मेल यायचे. सर जितके रागावून फोन करत, तितकं सुनंदाचं काम छान होई आणि तितकी ती गुन्हेगार ठरे.

मी सगळं सांगितलं. मी म्हटलं, सर, कॉम्प्युटरमागची फोनची वायर काढा, आणि जेवण होईपर्यंत फोन करू नका. त्यांनी दोन्ही केलं. सुनंदाला आत बोलावलं. तिनं सेंड-रिसीव्ह दाबलं आणि पंधरवड्याचं साचलेलं उरलंसुरलं सगळं उतरलं. ती खुर्चीत मागे टेकून नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मीटिंगला सर जीपनं जव्हारला आले. मला मुद्दाम बोलावलं. मला वाटलं, चारचौघांत माझी शाळा घेणार. ते सरळ सुनंदाच्या टेबलाशी गेले, कमिटीच्या सगळ्यांसमोर.

"चूक माझ्या मशीनची होती आणि बोल मी तुला लावला," ते म्हणाले. "आता नवा पासवर्ड तू ठेव. मला सांगू नकोस."

"आणि तुम्हाला मेल बघायचे असले तर?"

"तर इथे येईन. तुला विचारून बघेन."

तिनं कीबोर्डवर हात ठेवला आणि सरांकडे बघत थांबली. सरांना कळेना. मीच म्हटलं, सर, तिकडे तोंड करा. सर मुकाट्यानं भिंतीकडे वळून उभे राहिले.

पासवर्ड पुन्हा मागितला म्हणजे तो चुकलाच असं नसतं. आधी डिटेल्स दाबून वाचावं. माणसाला बटण नसतं, त्याला नुसतं विचारलं तरी चालतं.